ऑप्शनला टाकलेलं

फॉर्मच्या तळाशी एक चौकट आहे.
अडीचशे शब्द. ऐच्छिक.
तुमच्याविषयी अजून काही, जे वर कुठे आलं नाही.

दहावीला मी त्रिकोणमिती ऑप्शनला टाकली होती.
अर्ध्या वर्गाने टाकली होती,
आणि पेपरात नेमकी तीच आली, वाघासारखी.

पिंटो मिस म्हणतात,
ऐच्छिक म्हणजे सक्तीचंच, जरा नम्रपणे सांगितलेलं.
निमिष म्हणतो, सोड गं,
वाचणारा दमलेला असतो, त्याला एक सुटी दे.
निमिषचे स्वतःचे तीन निबंध
पवईत तेराव्या मजल्यावर तपासून झालेत.
त्या बाईंकडे त्याच्या ओळखीने मलाही
एक तास फुकट मिळाला होता.
त्यांनी विचारलं, वडील काय करतात?
पाणीखात्यात. चावीवाले.
त्यांचं पेन थांबलं.
हेच! म्हणाल्या, हेच लिही,
आणि मला एकदम बाबा दिसले
स्टीलच्या ताटलीत, लिंबाच्या फोडीसकट वाढलेले.

आता पहाटेचे पावणेचार.
बाबा गमबूट शोधतायत, लाइट न लावता.
पार्कसाइटच्या चढावर त्यांच्याकडे सहा चाव्या.
रस्त्यातलं झाकण उचलायचं,
लांब दांड्याची चावी आत सोडायची
आणि तिच्याभोवती फिरत राहायचं.
घाण्याच्या बैलासारखं, असं मी एकदा शाळेच्या निबंधात लिहिलं होतं.
ते वाचून म्हणाले, बैलाला पगार नसतो.

ते गेले. मी लिहिते:
माझे वडील रोज अकराशे घरांना पाणी देतात.
खोडते. पाणी तलावाचं आहे.
लिहिते: त्यांच्याकडून मी चिकाटी शिकले.
खोडते. त्यांच्याकडून मी शिकले
झाकण उचलताना बोटं कुठे ठेवू नयेत.
आणि तसंही, ते चावी फिरवतात तेव्हा
मी रोज झोपलेली असते.
झोपलेल्या माणसाने काय लिहायचं?

साडेपाचला ते परत येतात.
बॅटरीतले सेल काढून अंगठ्याने पुसत बसतात.
बाबा, तुमच्याबद्दल लिहू का? लांबचे लोक वाचतील.
साहेब वाचेल?
नाही.
मग लिही. पण अकराशे नको. अकराशे चाळीस.
चावी किती आटे फिरते?
उघडताना एकोणतीस.
मग जरा थांबून, सहा नंबरची बंद करताना अठ्ठावीस.
का?
शेवटचा बसतच नाही. वायसर गेलाय.
तीनदा लिहून दिलं.
कुणी मागितलं होतं लिहून?
मागतंय कोण, म्हणाले, आणि सेल परत घातले,
एक उलटा पडला, तो पुन्हा काढला.

त्या न बसलेल्या आट्यातून
खालच्या गल्लीत एका नळाला
दिवसभर करंगळीएवढी धार असते.
मला ती लहानपणापासून माहीत आहे.
ती का असते, हे आज कळलं.
कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तेच पाणी
डब्यात धरून शर्टांवर शिंपडतो.
माझ्या कॉलेजच्या गणवेशावर,
निमिषच्या बाबांच्या पांढऱ्या शर्टांवरही.

इंग्रजीत आट्याला काय म्हणावं, इथे वीस मिनिटं अडले.
तिकडे रात्री बाराला मुदत संपते,
म्हणजे इथे सकाळी साडेदहाला.
चौकटीत आता एकशे बारा शब्द आहेत.
चिकाटी नाही. स्वप्न नाही.
एक आकडा आहे, एक झिजलेला वायसर,
तीन अर्ज, ज्यांचं उत्तर आलं नाही,
आणि एक मोकळी जागा,
जिथे इस्त्रीवाल्याचं नाव हवंय.

बारा वर्षं त्याला इस्त्रीवालाच म्हणत आलेय.
सातला तो कोळसे पेटवतो.
चप्पल घालते, खाली जाऊन विचारून येते.